केटी कोण देणार?

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत राजीनामा देण्याला ‘पेपर टाकणं’ म्हणतात. पेपर पडला की मॅनेजरचा पहिला प्रश्न ठरलेला: केटी कोणाला देणार? केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. वर्षानुवर्षं डोक्यात साठलेलं सगळं ९० दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये दुसऱ्याच्या डोक्यात ओतायचं. ज्याला आजवर कुणी काही विचारलं नाही, त्याच्या टेबलाभोवती अचानक खुर्च्या जमतात.

नवं तंत्रज्ञान आलं की माणसं घाबरून सोडून जातात, असं आपण समजतो. मला ते पटत नाही. जातात ती बहुधा जुन्यापाशी ठेवली गेलेली. क्लाउडवर नवी प्रणाली बांधायला पंचविशीतली पोरं निवडली जातात. जुनी चालू ठेवणाऱ्याला मात्र ‘तुझ्याशिवाय चालणार नाही’ असं सांगून तिथंच बसवतात. हे कौतुक नव्हे, कोंडवाडा आहे. अप्रेझलमध्येही त्याचं काम दिसत नाही, कारण त्याचं काम म्हणजे काही न बिघडणं.

बिघडलं की दिसतं. कोबोल ही संगणकाची भाषा १९५९ची. एप्रिल २०२०मध्ये तिच्यावर चालणाऱ्या जुन्या प्रणालीवर बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घालावी लागली.

त्याच १९५९मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचं कामाच्या प्रेरणेवरचं पुस्तक आलं. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांशी बोलून त्यांनी मांडलं, की पगार कमी पडला तर माणूस कुरकुरतो, पण नुसता वाढवल्यानं त्याला कामाची ओढ लागत नाही. पुढं कूगर आणि झवाकी या संशोधकांना संगणक क्षेत्रातल्या माणसांत शिकत राहण्याची भूक इतरांपेक्षा जास्त आणि मिसळण्याची गरज कमी आढळली. (टीम लंचवर भिस्त ठेवणाऱ्या एचआरनं याची नोंद घ्यावी.) आपल्याकडं मात्र पेपर पडल्यावर काउंटर ऑफर येते ती पगाराची. काम तेच राहतं.

जुन्या प्रणालीच्या मार्चअखेरच्या बॅचमध्ये एखादी विचित्र अट कुणी आणि का घातली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला नव्या प्रणालीच्या आराखड्याला पहिल्या दिवसापासून बसवावं. निम्मा वेळ जुनं, निम्मा नवं. आणि नव्या पोरांनीही जुन्याची रात्रपाळी करावी. याला पैसे फार लागत नाहीत. रिलीजची तारीख मात्र पुढं जाते, आणि क्लायंटला ते कळवायला कुणी तयार नसतं.