कचऱ्याच्या वाटेवरची शाळा

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात वारा कुठून येतोय, हे लहान मुलालाही कळायचं. नारेगावकडून आला की लोक खिडक्या लावून घ्यायचे. सुमारे चार दशकं सगळ्या शहराचा कचरा नारेगावच्या डेपोवर पडत होता, आणि त्यावर घिरट्या घालणारे पक्षी जवळच्या विमानतळाला धोक्याचे ठरत होते. फेब्रुवारी 2018मध्ये आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात चौकाचौकात ढीग साचले. मार्चमध्ये कचऱ्यावरूनच मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं नारेगावात कचरा टाकायला मनाई केली. पुढं चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडीला प्रक्रिया केंद्रं ठरली. त्यातलं चिकलठाण्याचं केंद्र दिवसाला 150 टनांचं. डेपो बंद झाला, तरी शहराच्या कचऱ्याचा मोठा वाटा याच दिशेला येतो.

इथल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला पर्यावरण पुस्तकात शोधावं लागत नाही. तरीही शाळेत तो विषय येतो तो घोषवाक्यं, प्रभातफेरी आणि चित्रकला स्पर्धेच्या रूपानं. पर्यावरण हा विषय सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991मध्ये सांगितलं. आपल्याकडे अकरावी-बारावीला त्याचा प्रकल्प असतो. मागच्या वर्षीच्या वहीवरून तो कसा उतरवला जातो हे पालकांना, शिक्षकांना, सगळ्यांनाच ठाऊक आहे. खालच्या वर्गांत प्रदूषणाचा देखावा करायला स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोल आणला जातो.

मुलांना माहिती कमी पडते, असं मला वाटत नाही. ओला कचरा कुठला आणि सुका कुठला, हे तिसरीतलं पोरगंही घडाघडा सांगतं. अडतं ते पुढं. एका शाळेत मी मधल्या सुट्टीनंतर थांबलो होतो. व्हरांड्यात हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या होत्या. एक मुलगी डब्यातली उरलेली भाजी हिरव्या बादलीत झटकून आली, मग तिनं खाऊचं पाकीट निळ्या बादलीत टाकलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं मावशी आल्या आणि दोन्ही बादल्या एकाच पोत्यात रिकाम्या करून गेल्या. ती मुलगी दारातून ते बघत होती. मावशींचा दोष नव्हता. त्यांना एकच पोतं दिलं होतं. पण त्या दुपारी मुलीला जो धडा मिळाला, तो वर्षभराच्या परिपाठानं पुसला जाणार नाही. मोठी माणसं सांगतात ते करायचं नसतं, फक्त दाखवायचं असतं, असा तो धडा.

2016च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली, त्यात शाळाही आली. म्हणून पहिली सवय लागायला हवी ती शाळेच्या कारभाराला. पोती दोन हवीत, घंटागाडीवाल्याशी बोलणं झालेलं हवं, आणि ओला कचरा आवारातच जिरायला हवा. खिचडीचं उरलेलं, भाज्यांची देठं, पालापाचोळा यांचा खड्डा नीट भरला तर आठवडाभरात तो आतून तापतो. थंडीतल्या सकाळी काठीनं तो ढीग उकरला की वाफ निघते. मुलं हात पुढं करतात, चटकन मागं घेतात, पुन्हा पुढं करतात. कुजणं म्हणजे काय, हे फळ्यावर इतकं कधी समजत नाही. आठवीच्या मुलांना एकदा प्रक्रिया केंद्रावर न्यावं. मिसळलेल्या कचऱ्यातून प्लास्टिक वेचणाऱ्या बायांचे हात त्यांनी जवळून बघावेत.

पाण्याच्या बाबतीत तर शाळेनंच मुलांकडून शिकावं. जायकवाडीचं पाणी शहराला रोज मिळत नाही. दोन पाण्यांमध्ये कित्येक दिवस जातात, त्यामुळं पाण्याचा दिवस घरात सणापेक्षा पक्का लक्षात असतो. ड्रम आधी भरायचा की टाकी, भाजी धुतलेलं पाणी कुंडीला घालायचं की मोरीत ठेवायचं, हे कामगार वस्तीतली दहा वर्षांची मुलगी आईइतकंच जाणते. थोरल्या भावाचा गणवेश, शिवून घेतलेलं दप्तर, रद्दीतल्या कोऱ्या पानांची शिवलेली वही, हेही तिच्या घरी आहेच. शाळेत मात्र या साऱ्याला कमीपणाचा वास येतो. जुनं दप्तर घेऊन येणाऱ्या मुलाला हसणाऱ्यांना वर्गात कुणी थांबवत नाही, आणि त्याच वर्गाच्या भिंतीवर पुनर्वापराचा तक्ता लावलेला असतो.

शाळेतली साफसफाई मुलांनी करावी म्हटलं, की ‘आमची मुलं शिकायला येतात, झाडायला नाही,’ असं पालक म्हणतात. गांधीजींनी 1937मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, तेव्हा हाताचं काम हेच शिक्षणाचं माध्यम धरलं होतं. मी त्या बाजूचा आहे. पण पालकांच्या बोलण्यामागं जुनी जखम आहे. कुणाच्या पोरांच्या हातात झाडू द्यायचा, हे आपल्या शाळांतून जात बघून ठरत आलं. आजही झाडणं मुलींकडे आणि बाकं उचलणं मुलांकडे जातं. पाळी सगळ्यांची हवी, ती फळ्यावर लिहिलेली हवी आणि त्यात सरांचं, बाईंचंही नाव हवं. एवढं जमत नसेल तर हे काम मुलांना देऊच नये.

झाडांचं दुखणं वेगळं आहे. जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला असतो, तेव्हा आपल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत असतात. रोपं लागतात ती शाळा उघडल्यावर, पाऊस झाला की. फोटो निघतात. मार्चपर्यंत मुलं पाणी घालतात. मग परीक्षा, मग मे महिना. चिकलठाण्याच्या उन्हात कोवळं रोप पाण्यावाचून आठवडाभरही तग धरत नाही. जूनमध्ये आळ्यात काटकी उभी असते, आणि शेजारी नवा खड्डा खणला जातो.

पन्नास लावण्याऐवजी पाच लावावीत. कडुनिंब, करंज अशी इथल्या मातीतली. खत आपल्याच खड्ड्यातलं. रोप लावायच्या आधीच मे महिन्याच्या पाळ्या ठरवाव्यात: कुंपणापलीकडच्या कुठल्या घरातून बादली मिळेल, कोण गावाला जाणार आहे, कोण इथंच आहे. ज्या रोपासाठी मेमधलं नाव सापडत नाही, ते त्या वर्षी लावू नये.