किती अंश, कोणासाठी?

बी.आर्क. झालेल्या मुलामुलींचा हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो. पर्यावरणपूरक इमारतींच्या क्षेत्रात यायचं तर मास्टर्स करावं का? ‘कर’ म्हणणं सोपं आहे. त्या दोन वर्षांनी नेमकं काय दिलं, हे मात्र कामाला लागल्यावर हळूहळू कळत जातं.

वास्तुकलेच्या पाच वर्षांत ऊन, वारा, सावली सगळं येतं. वाड्याच्या चौकाचं, जाड भिंतींचं कौतुकही होतं. पण ते बहुतेक विशेषणांत राहतं. नोकरीत तर तेवढाही वेळ नसतो. तिथे छज्जा दोन फुटांचा, कारण तो दोन फुटांचाच काढतात. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात इमारतींतल्या ऊर्जेचा अभ्यास करायला गेले तेव्हा या छज्ज्याचा हिशेब कागदावर मांडला. पुण्यात मे महिन्यात भरदुपारी सूर्य डोक्यावर असतो, पण संध्याकाळी पाचला तो क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर उरतो. पश्चिमेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटी छज्जा असेल, तर त्या वेळी वरचा फूटभर भाग सावलीत येतो. उरलेल्या तीन फुटांतून ऊन सरळ टेबलावर. पूर्ण खिडकी झाकायची तर छज्जा जवळजवळ आठ फुटी हवा. म्हणजे उत्तर छज्ज्यात नाहीच, ते प्लॅनमध्ये आहे. जिना, लिफ्ट, स्वच्छतागृहं पश्चिमेला न्यावीत, माणसं उत्तरेला बसवावीत. हा निर्णय पहिल्या कच्च्या रेखाटनात फुकट होतो. काचेची ऑर्डर गेल्यावर त्याला लाखो रुपये पडतात.

पदवी मिळाली आणि नोकरी लागली ती मात्र सिम्युलेशन येतं म्हणून. संगणकावर इमारत उभी करायची, वर्षाच्या 8,760 तासांचं हवामान तिच्यावर सोडायचं आणि वीज किती लागेल ते काढायचं. उत्तर दशांश चिन्हासह येतं, त्यामुळे समोरचा लगेच विश्वास ठेवतो. एसी कितीवर लावणार, खिडक्या कोणी उघडणार का, कार्यालय कधी रिकामं होणार, हे सगळं आधी आपणच गृहीत धरलेलं असतं. ते बदललं की उत्तरही बदलतं.

म्हणून सॉफ्टवेअरपेक्षा मला सेप्टमधली दुसरी गोष्ट जास्त उपयोगी पडली. तिथल्या संशोधकांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या 16 कार्यालयीन इमारतींत जाऊन तापमान मोजलं आणि त्याच वेळी तिथे बसलेल्यांना विचारलं, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय? अशा 6,330 नोंदींतून भारतीयांच्या औष्णिक सोयीचं प्रारूप तयार झालं. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते आलं. त्यानुसार गेल्या महिनाभराचं बाहेरचं सरासरी तापमान 32 अंश असेल, तर उघड्या खिडक्यांच्या कार्यालयात सुमारे 30 अंशांतही लोकांना बरं वाटतं. आपण मात्र 22 अंशांवर एसी लावतो आणि मे महिन्यात बायका खुर्चीच्या पाठीला शाल अडकवून ठेवतात.

एका कंपनीच्या बैठकीत मी एसी 26 अंशांवर आणि सोबत छताला पंखे सुचवले. “मॅडम, पंखे? कॉर्पोरेट ऑफिसमध्ये?” समोरून प्रश्न आला. मी वरच्या नोंदी मांडल्या, विजेच्या बिलातला फरक मांडला. पंखे मंजूर झाले ते कँटीनमध्ये आणि मागच्या मजल्यावर. संचालकांची खोली 22 अंशांवरच राहिली. या व्यवसायात यश बहुधा एवढंच येतं. पण अभ्यास नसता तर त्या बैठकीत माझ्याकडे फक्त माझं मत असतं, आणि संचालकांच्या मतापुढे ते टिकलं नसतं.

पदवीची मर्यादाही तिथेच दिसते. ‘ग्रीन’ सल्लागाराला पुष्कळदा बोलावतात ते प्लॅन पक्का झाल्यावर, मानांकनाचे गुण जुळवायला. पश्चिमेला काचेची भिंत ठरलेली असते. आपण कमी प्रवाहाचे नळ, एलईडी दिवे आणि गच्चीवरचे सौर पॅनेल यांतून गुण गोळा करत बसतो. प्रमाणपत्र मिळतं, पाच वाजताचं ऊन तसंच आत येत राहतं. लवकर बोलावलं जावं एवढा विश्वास कमवायचा तर प्लंबर, कंत्राटदार, खर्च बघणारा माणूस, या सगळ्यांची भाषा यावी लागते. ती कुठल्याच अभ्यासक्रमात पुरेशी मिळत नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, आधी एखादी इमारत पायापासून गच्चीपर्यंत उभी राहताना बघा. तिथे पडलेले प्रश्न घेऊन शिकायला जा. विद्यापीठ निवडताना तिथे कोणतं सॉफ्टवेअर शिकवतात, याच्या आधी विद्यार्थी तापमापक घेऊन लोक राहतात त्या इमारतींत जातात का, हे विचारा. सॉफ्टवेअर आता घरबसल्याही शिकता येतं. त्यात आपण काय गृहीत धरलं, हे स्वतः तपासून बघायची शिस्त मिळत असेल, तर दोन वर्षं आणि फी दोन्ही वसूल.