चरबीचे कुळ

साबणाची नवी वडी न्हाणीघरात नेण्यापूर्वी आमच्या मातोश्री एकच प्रश्न विचारतात, "यात चरबी तर नाही ना?" इथे भिलाईत मिळणाऱ्या वडीच्या वेष्टणावर स्निग्धांशाचे शेकडा प्रमाण असते, त्याचे कुळ नेहमीच सापडते असे नाही.

रसायनशास्त्राला हा प्रश्न निरर्थक वाटेल. शेव्रल या फ्रेंच संशोधकाने १८२३ साली आपल्या ग्रंथात मांडले की, तेल काय आणि चरबी काय, दोहोंची घडण मेदाम्ले व ग्लिसरीन यांचीच. गुराच्या चरबीतले स्टिअरिक आम्ल आणि छत्तीसगडातील सालबियांच्या तेलातले, शुद्ध केल्यावर एकच. मग विटाळ कशाला चिकटतो? वस्तूला नव्हे, ती ज्या वाटेने आली त्या वाटेला. चोरीच्या रुपयावरही निराळा छाप नसतो, तरी तो परत करावा असे आम्ही म्हणतो. (करतोच असे नाही.) तेव्हा मातोश्रींना हसणे आम्ही सोडले आहे.

परंतु वाटच पाहायची, तर ती अर्ध्यावर का सोडावी? पावसाळ्याच्या तोंडाशी सालाची, इथल्या बोलीत सरईची, पंखधारी फळे रानात गळतात. आदिवासी बाया ती उन्हात वेचतात, वाळवून पंख जाळतात, झोडपून बी मोकळे करतात. भिजले की बी बिघडते, म्हणून सारी घाई. त्यांच्या पदरात काय पडले, हे आमच्या सोवळ्याने कधी विचारले नाही.

परवा हे मातोश्रींना सांगितले. वडी हातात धरून त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "तेही वेष्टणावर लिहायला हवं होतं रे."