माणूस बघून

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना सोबतच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "तुमचे ते मित्र नवबौद्ध ना?" आवाजात द्वेष नव्हता, म्हणूनच तो 'नव' जास्त खुपला. १९५६ साली नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांची धम्मदीक्षा झाली. तेव्हाच्या लोकांची पतवंडं आता शाळेत जातात. फ्लॅट घेतलेला माणूस दोन दिवाळ्यांत जुना रहिवासी होतो. हे 'नव' कधी उतरायचं?

माझा चेहरा पाहून ते म्हणाले, "अहो, वाईट अर्थानं नाही. बुद्ध तर आमचाच. विष्णूचा नववा अवतार."

हे वाक्य मला शिवीपेक्षा अवघड वाटतं. शिवीला उत्तर देता येतं, या आपलेपणाला काय देणार? बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमधली एक नेमकी हेच नाकारते. समोरचा नको म्हणत असताना त्याला आपलाच म्हणणं म्हणजे सामावून घेणं. मान्य करणं ही वेगळी गोष्ट. सामावून घेताना त्याचं नाव पुसलं तरी चालतं, मान्य करताना चालत नाही.

नावाचं म्हणाल तर या डोंगराचंही तेच. शिलालेखात तो 'तिरण्हु' आहे, आपण पांडवांना देऊन टाकला. लोकांवर माझा राग नाही. ब्राह्मी वाचता येईना, तर कोरलेला डोंगर भीम-अर्जुनाच्या नावावर घालणं ही महाराष्ट्राची जुनी खोड. भीमाला इतकी लेणी कोरायला लावली की त्याला वनवासात जेवायला वेळ मिळाला नसेल.

आणि हा आपलेपणा दाराशी कसा थांबतो? २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, हे नाशिककराला सांगायला नको. मोजताना आपले, दारात परके. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला.

मला गृहस्थांना दहावं लेणं दाखवायचं होतं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख तिथं आहेत. ब्राह्मणांना लाखो गाई दिल्या, भिक्खुसंघाला हे लेणं. दोन्हीकडे हात सैल. बुद्धाला कुणाचा अवतार करायची त्याला गरज पडली नाही. बघा, अशी असते समज, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि थबकलो. हा राजाचा जावई. त्याचं सगळं दानच, आणि देणाऱ्याचा हात वरच असतो. काळारामाच्या दारात बसलेले दान मागत नव्हते.

मग पैशाचा हिशेब आठवला. जवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत उषवदातानं तीन हजार कार्षापण नाणी ठेवली. त्यातली दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजानं. वर्षाचे झाले दोनशे चाळीस: वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, चीवरासाठी. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. हे निगमसभेत ऐकवलं, नोंदवलं, वर दगडात कोरलं. म्हणजे उषवदाताची लहर फिरली तरी भिक्खूला वस्त्र मिळणार. इतकी वर्षं मी मनं बदलण्याच्या गोष्टी करत आलो, सर्वधर्मसभांत भाषणंही ठोकली. त्या ओसरीत वाटलं, मनाचं राहू द्या, आधी नोंदवून घ्या.

उतरताना आठवलं, गृहस्थ त्यांच्या सोसायटीचे चेअरमन आहेत. विचारलं, "तुमच्याकडे फ्लॅट भाड्यानं कुणाला द्यायचा, याचा काही नियम?"

"लिहिलेलं काही नाही," ते म्हणाले, "माणूस बघून देतो."