सीमारेषेबाहेरचा यजमान

कर्म एकाने करायचे आणि त्याचे फळ दुसऱ्याच्या पदरी पडायचे, हे केव्हा योग्य आणि केव्हा अयोग्य, या प्रश्नाचा पूर्वमीमांसेइतका काटेकोर विचार अन्य दर्शनांनी क्वचितच केला असेल. वेदातील विधिवाक्यांचा अर्थ कसा लावावा याचे नियम सांगणारे हे दर्शन असून जैमिनीची सूत्रे आणि त्यांवरील शबरस्वामींचे भाष्य हे त्याचे आधारग्रंथ आहेत. यज्ञात मंत्र म्हणणारा एक, आहुती देणारा दुसरा, खर्च करणारा तिसरा, आणि स्वर्गाची इच्छा मात्र यांपैकी एकाचीच. तेव्हा ‘फलस्वाम्य’, म्हणजे फळावरची मालकी, कोणाकडे जाते हे ठरवल्यावाचून मीमांसकांना पुढे सरकताच येत नव्हते. आज यज्ञ विरळ झाले असले तरी कर्ता एक आणि भोक्ता दुसरा ही रचना नाहीशी झालेली नाही, आणि ती जिथे अगदी उघड्यावर पाहता येते अशा जागांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील व इंग्लंडमधील लहान मुलांच्या स्पर्धात्मक फुटबॉलचे मैदान होय.

अमेरिकेत ‘सॉकर’ या नावाने ओळखला जाणारा हा खेळ मुलांच्या पातळीवर मुख्यतः पालकांच्या पैशावर चालतो. क्लबची वार्षिक फी, पगारी प्रशिक्षक, गणवेश, परगावच्या स्पर्धांसाठी प्रवास आणि हॉटेलातला मुक्काम हा सारा भार कुटुंब उचलते. निवडचाचणीतून तयार होऊन गावोगावी सामने खेळणाऱ्या संघाला तिथे ‘ट्रॅव्हल टीम’ म्हणतात, आणि त्या संघात जागा मिळणे न मिळणे हा नऊ-दहा वर्षांच्या मुलापेक्षा त्याच्या घराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होऊन बसतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मराठी घरेही यापासून अलिप्त नाहीत. या खर्चाचे समर्थन अनेकदा महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या आशेने केले जाते. पण एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या सर्वोच्च विभागातही पुरुषांच्या संघाला कित्येक वर्षे जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या देता येत असत (महिलांच्या संघाला १४), आणि त्यांचेही तुकडे करून ते वीस-पंचवीस खेळाडूंत वाटले जात. २०२५ मध्ये ही मर्यादा बदलून संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली, तरी पूर्ण शिष्यवृत्ती सहजासहजी पदरात पडेल अशी स्थिती नाही. हिशेब म्हणून पाहिले तर ही गुंतवणूक पहिल्याच बेरजेला कोसळते, आणि तरीही ती होतच राहते. यावरून अपेक्षेचे मूळ हिशेबात नसून अन्यत्र आहे, असेच मानावे लागते.

दहा वर्षांखालच्या मुलांचा सामना दोन्ही देशांत सात-सात जणांचा असतो आणि मैदान लहान असते, त्यामुळे रेषेबाहेरचा प्रत्येक शब्द आत ऐकू जातो. प्रशिक्षक चेंडू पायाशी ठेवायला सांगत असतो, त्याच वेळी वडील ‘मार, मार’ म्हणून ओरडत असतात, आणि मुलगा दोहोंपैकी काहीच न करता चेंडू गमावतो. अशा वेळी त्याची नजर चेंडूमागे जात नाही. ती आधी रेषेबाहेरच्या एका चेहऱ्याकडे जाते आणि मग चेंडू शोधू लागते. खेळणारा कोण आणि खेळ कोणासाठी चालला आहे, यांची फारकत त्या नजरेत स्पष्ट होते. सामन्यानंतर परतीच्या वाटेवर, मोटारीत मागे बसलेल्या मुलाची पुढच्या आसनावरून जी उलटतपासणी होते, तिला या कर्माचा उत्तरविधीच म्हणावे लागेल.

मीमांसेत या परिस्थितीला लागू पडतील असे दोन नमुने आढळतात. पहिला ऋत्विजांचा. ऋत्विज म्हणजे यज्ञातील कर्मे प्रत्यक्ष करणारे पुरोहित; कष्ट त्यांचे असले तरी फळ यजमानाचे, कारण त्याने दक्षिणा देऊन त्यांचे श्रम विकत घेतलेले असतात, आणि या व्यवहाराला शास्त्रात ‘परिक्रय’ अशी संज्ञा आहे. दुसरा नमुना जातेष्टीचा. तैत्तिरीय संहितेत पुत्र जन्मल्यावर पित्याने करावयाची वैश्वानर देवतेची एक इष्टी, म्हणजे लहान यज्ञ, सांगितली आहे, जिच्यात बारा कपालांवर, म्हणजे मातीच्या लहान खापरांवर, भाजलेला पुरोडाश, म्हणजे पिठाचा रोट, अर्पण करतात. येथे कर्म पित्याचे असून पावित्र्य, तेज, अन्न आणि पशुधन हे फळ मात्र पुत्राचे. फळ आपल्याला मिळणार नसेल तर पिता हे कर्म करीलच कशाला, ही शंका मीमांसकांनी टाळलेली नाही: पुत्राचे भले व्हावे हीच पित्याची इच्छा असते आणि तशा पुत्राचा पिता होणे यातच त्याची तृप्ती असते, असे त्यांनी उत्तर दिले.

फुटबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या असलेल्या आईवडिलांना विचारले तर ते स्वतःला जातेष्टी करणाऱ्या पित्याच्या जागी पाहतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. पहाटे उठून मुलाला सरावाला नेणे, थंडीत तासन्‌तास उभे राहणे, स्वतःची सुटीची आवड बाजूला ठेवणे, या गोष्टींची टिंगल करणारे लेखन पुष्कळ झाले आहे आणि ते बहुतांशी उथळ आहे. अडचण अशी, की व्यवहार हळूहळू दुसऱ्या नमुन्याकडून पहिल्याकडे सरकतो. फी भरली, वेळ दिला, म्हणून मुलाने निदान जीव तोडून खेळावे, अशी मागणी ज्या क्षणी उमटते त्या क्षणी दानाची दक्षिणा होते, पालक यजमान होतो आणि मूल ऋत्विज. त्यातही ऋत्विजाची स्थिती बरी म्हणायची, कारण त्याची दक्षिणा आधीच ठरलेली असे आणि यज्ञ स्वीकारायचा की नाही हेही त्याच्या हाती असे.

हे सरकणे लोभामुळे होते असे म्हणणे सोपे आहे. अद्वैत वेदान्त त्याचे कारण अधिक खोलवर शोधतो. ब्रह्मसूत्रांवरील भाष्याच्या प्रारंभी शंकराचार्य ‘अध्यास’, म्हणजे एका वस्तूचे धर्म दुसऱ्या वस्तूवर लादण्याची माणसाची उपजत चूक, समजावून सांगतात, आणि तिथे देहाच्या व इंद्रियांच्याही आधी ते उदाहरण घेतात ते पुत्र आणि पत्नी यांचे: त्यांच्यात काही उणे झाले की मनुष्य स्वतःलाच उणा समजतो आणि ती धडधाकट असली की स्वतःला पूर्ण समजतो. मुलाचा पेनल्टीचा फटका गोलखांबावर आदळल्यावर रेषेबाहेरच्या माणसाचा चेहरा पडतो तो या अर्थाने. त्याला मुलाचे दुःख होत नसून स्वतःच चुकल्याची वेदना होत असते. रागावणारा आणि अतिशय प्रेमळ असे दोन्ही पालक या कसोटीवर एकाच जागी उभे राहतात, कारण ‘तू जिंकलास म्हणून आज किती आनंद झाला’ हे वाक्यदेखील मुलाच्या खांद्यावर दुसऱ्याच्या आनंदाची जबाबदारी टाकतेच.

अशा चर्चेत गीतेतील निष्काम कर्माचा उपदेश हटकून पुढे केला जातो, परंतु येथे तो चुकीच्या पत्त्यावर जातो. तो उपदेश कर्त्याला केलेला आहे, आणि या मैदानावरचा कर्ता बहुधा आधीच पुरेसा निष्काम असतो. हरल्यानंतर पाच मिनिटांत खाऊचा डबा उघडणाऱ्या आठ वर्षांच्या खेळाडूला फलासक्ती सोडायला सांगण्यात काही अर्थ नाही. ज्याने मैदानावर काहीच केलेले नाही आणि तरी ज्याला फळ हवे आहे, त्याचे काय करावे, हा इथला प्रश्न आहे.

युरोपातील क्रीडासंस्थांनी याचे उत्तर नियमांत आणि अंतरात शोधले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू करून प्रेक्षकांसाठी रेषेबाहेर वेगळी जागा आखून दिली. जर्मनीत आखेन परिसरात राल्फ क्लोर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘फेअर प्ले लीग’मध्ये पालकांना मैदानापासून काही मीटर दूर उभे केले जाते आणि पंच नसल्यामुळे निर्णय मुलेच घेतात. नॉर्वेने सर्वांत पुढे जाऊन मुलांचे खेळातील हक्क लिहून काढले: अकरा वर्षांखालच्या मुलांचे गुणतक्ते आणि क्रमवारी लावायची नाही, तेरा वर्षांखालच्यांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा घ्यायच्या नाहीत, आणि कोणता खेळ किती खेळायचा याविषयी मुलाचे मत मानायचे. (मुलाला मत मांडण्याचा हक्क देणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेला अमेरिकेने अद्याप मान्यता दिलेली नाही.) मात्र नॉर्वेच्या या धोरणाची भलामण करणारे बहुतेक जण लगेच तिथल्या अर्लिंग हालां या विख्यात फुटबॉलपटूचे नाव घेतात आणि हिवाळी ऑलिंपिकमधील नॉर्वेची पदके मोजू लागतात, म्हणजे संयमाचेही समर्थन शेवटी फळानेच होते. एकही हालां निर्माण झाला नसता तर मुलांचे ते हक्क कमी खरे ठरले असते काय, हे कोणी विचारत नाही.

महाराष्ट्रात फुटबॉलची खरीखुरी वेडी नगरी म्हणजे कोल्हापूर, आणि तिथल्या अपेक्षेची घडण निराळी आहे. तिथे खेळाडू पाटाकडील तालीम मंडळाचा किंवा शिवाजी तरुण मंडळाचा म्हणून ओळखला जातो, आणि शाहू स्टेडियमवर त्याच्याकडून आशा बाळगणारी एक अख्खी पेठ असते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. पेठेची अपेक्षा सौम्य असते असे मुळीच नाही. पण ती अनेकांत वाटलेली असल्यामुळे एकाच चेहऱ्याकडे पाहण्याची सक्ती तीत कमी असते, आणि फटका हुकलेल्या खेळाडूला रात्री जेवताना समोर सगळी पेठ बसलेली नसते.

आपले अपुरे राहिलेले मुलाने पूर्ण करावे ही इच्छा मुळातच निषिद्ध मानावी काय? उपनिषदांचे उत्तर तसे नाही. बृहदारण्यक आणि कौषीतकी या दोन्ही उपनिषदांत मरणासन्न पिता आपले सर्वस्व पुत्राच्या ठायी सोपवतो असा विधी वर्णिला आहे. कौषीतकीत पिता आपली वाणी, प्राण, दृष्टी, कर्मे, सुखदुःखे एकेक करून देतो आणि पुत्र प्रत्येक वेळी स्पष्ट शब्दांत ती स्वीकारतो, तर बृहदारण्यकानुसार पित्याच्या हातून राहून गेलेल्या गोष्टींतून पुत्र त्याला सोडवतो. या विधीला जोडलेली एक अट मात्र सहसा कोणी सांगत नाही. एवढे सारे देऊन झाल्यावर पिता जर बरा झाला, तर त्याने पुत्राच्या सत्तेखाली राहावे अथवा घर सोडून परिव्राजक व्हावे, असे कौषीतकी सांगते. स्वप्न सोपवले की त्यावरचा अधिकारही गेला पाहिजे, आणि सोपवणाऱ्याने पुन्हा कर्त्याच्या जागेवर हक्क सांगता कामा नये, असा याचा अर्थ होतो. सीमारेषेवरून सूचना देणारा पालक नेमके हेच दुसरे पाऊल टाकत नाही: तो देतो, पण जात नाही.

त्या विधीतला पुत्र जाणता आहे आणि त्याच्या स्वीकाराला वजन आहे. सात वर्षांच्या मुलाच्या होकाराला ते कुठून यावे? अमेरिकी तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८० मध्ये मांडलेल्या विचारानुसार मुलाचा ‘खुल्या भविष्यावर’ हक्क असतो, म्हणजे पुढे स्वतः निवडता यावेत असे पर्याय मोठ्यांनी आधीच बंद करू नयेत. परंतु इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या अकादम्या नऊ वर्षांखालच्या गटापासून मुलांची नोंदणी करतात, आणि पायातले कौशल्य मूल जाणते होईपर्यंत वाट पाहत नाही. भविष्य खुले ठेवण्यासाठी थांबावे तर फुटबॉलचा पर्याय त्या थांबण्यानेच बंद होतो. जातेष्टीच्या बाबतीत मीमांसकांपुढे असाच पेच होता. जन्म होताच इष्टी करावी असे वचनावरून वाटते. पण नवजाताला जातकर्म, म्हणजे जन्मानंतरचा संस्कार, झाल्यावरच दूध पाजायचे असल्यामुळे आधी इष्टी करीत बसल्यास मूल उपाशी राहून दगावेल, आणि मग ते फळ भोगायला कोणीच उरणार नाही. म्हणून जातकर्म उरकून, मूल दूध पिऊ लागल्यावर, सोयर फिटल्यानंतर इष्टी करावी, असा निर्णय त्यांनी दिला. विधी रद्द झाला नाही, पित्याची इच्छाही नाकारली गेली नाही. फक्त मुलाची भूक आधी आली.