अतिथी आणि पात्रता

अन्नदान श्रेष्ठ होय, हे सर्वांस मान्य आहे. परंतु दारी आलेल्या प्रत्येकास आपल्या पंक्तीत बसवावे काय, असा प्रश्न अनेक भाविकांच्या मनात उद्भवतो. श्रीमद्भगवद्गीतेच्या १७व्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र यांचा विचार सांगितला आहे. अध्ययन संपवून निघालेल्या शिष्यास तैत्तिरीय उपनिषद मात्र अतिथीस देव मानावयास सांगते. तेथे अतिथी कोण असावा, याची अट नाही. मग गृहस्थाने काय प्रमाण मानावे?

आमचे बालपण फलटण येथे गेले. आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी तेथे मुक्कामास येते. त्या वेळी आमची ओसरी वारकऱ्यांनी भरून जाई. एरवीही वासुदेव, गोंधळी, फकीर असे नानाविध पाहुणे येत. जेवण होईपर्यंत पाहुण्यास नाव-गाव विचारावयाचे नाही, हा आजीचा दंडक होता.

एका पावसाळी संध्याकाळी डोक्यावर यल्लमादेवीचा जग घेतलेला, लुगडे नेसलेला एक जोगता दारी आला. आजीने त्याचे पान पंक्तीतच मांडले. ते पाहून एक वडीलधारे आप्त न जेवताच उठून गेले. आजीस फार वाईट वाटले, पण तिने पान हलविले नाही. एवढेच म्हणाली, "त्यांना जेवायला दुसरं घर आहे. याला या पावसात कुठलं?"

या बोलण्यात वरील प्रश्नाचे उत्तर आहे. धन वा भूमी देताना त्याचा विनियोग कसा होईल, हे दात्याने अवश्य पाहावे. अन्नाच्या बाबतीत मात्र भूक हीच पात्रता. आपले दार हा देश, भुकेची वेळ हा काल आणि भुकेला जीव हे पात्र, असे मानले की दोन्ही उपदेशांत विरोध उरत नाही.

पैठणच्या संत एकनाथांनी (समाधी १५९९) श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्यांना वाढले आणि त्यापायी ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आतिथ्याचे खरे मोल शिध्यात नसते, ते अशा रोषात चुकवावे लागते. शिधा देणे सोपे आहे. शेजारी पान मांडणे कठीण.

भाविकहो, महाप्रसादाच्या पंक्तीत आपल्या शेजारी कोण येऊन बसेल, हे आपल्या हाती नसते. जो येईल त्याच्यासाठी थोडे सरकून जागा करावी. तीही श्रींची सेवाच होय.