पाहणे आणि घेणे

कार्तिक सरत आला की माळव्यातील तळ्यांवर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात आणि पौष-माघात तर त्यांची दाटी होते. धार ही साडेबारा तळ्यांची नगरी, अशी लोकोक्तीच आहे. देवासच्या वस्तीतही मिठा तलाव आहे. या दोन नगरांच्या मध्ये, इंदूरच्या परिसरात असलेले सिरपूरचे तळे व यशवंतसागर हे दोन्ही जलाशय तर २०२२ साली रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत समाविष्ट झाले. लडाख-तिबेटकडून येणारा केशरी अंगाचा चक्रवाक, टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या अशी ही मंडळी. भर थंडीत पहाटे उठून त्यांच्या दर्शनास जाणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे आणि बहुतेकांच्या गळ्यात कॅमेरा असतो.

ज्या तळ्यांकाठी एके काळी बंदुकांचे बार होत, तेथे आता कॅमेऱ्याची कळ तेवढी दाबली जाते, याचा आनंद कोणास होणार नाही? छायाचित्रकाराने पक्ष्याचे एक पीसही घेतले नाही, म्हणून त्याचा छंद निर्दोष, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु खरोखर तसे आहे काय, हा प्रश्न थोडा थांबून विचारण्यासारखा आहे.

धार जिल्ह्यातीलच मांडवगडाचा एक प्रसंग येथे आठवतो. इ. स. १६१७ मध्ये बादशहा जहांगीर मांडवगडावर मुक्कामास असता त्याने आपल्या आयुष्यातील शिकारीचा हिशेब करविला. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याच्या समक्ष मारली गेलेली जनावरे व पक्षी मिळून संख्या भरली २८,५३२. त्यांपैकी १७,१६७ त्याने स्वहस्ते मारले होते व त्यांत १३,९६४ पक्षी होते. हाच बादशहा पुढच्याच वर्षी गुजरातेत असता एका सारस जोडप्यापाशी रमला. या पाळीव जोडप्याची नावे लैला आणि मजनू. रात्रभर मादी अंड्यांवर बसते, नर जवळ उभा राहून राखण करतो, उजाडल्यावर तो तिची जागा घेतो, हे त्याने बारकाईने पाहिले आणि लिहून ठेविले.

एकाच मनुष्याच्या या दोन नोंदी आहेत. पण त्या दोन निराळ्या डोळ्यांनी लिहिल्या आहेत. पहिल्या नोंदीत पक्षी म्हणजे केवळ आकडा. दुसरीत तो पक्षी पक्षीच राहिला आहे, आणि बादशहा क्षणभर बादशाही विसरून साक्षी झाला आहे. शस्त्र हाती आहे की नाही, एवढ्यावरच हा भेद अवलंबून नाही. आज तळ्याकाठी उभ्या राहणाऱ्या आपल्या मनातही हे दोन्ही डोळे असतात. ‘आज किती जाती मिळाल्या?’ असे आपण एकमेकांस विचारतो, तेव्हा त्या ‘मिळाल्या’ शब्दात मांडवगडची ती यादी डोकावत नाही काय?

कोणी म्हणेल, ही कॅमेऱ्याची उगाच निंदा झाली. ती करण्याचा हेतू नाही. सलीम अली आणि ह्यू व्हिसलर यांनी १९३९-४० च्या सुमारास मध्य भारतातील पक्ष्यांची नोंद प्रसिद्ध केली, त्या काळी पक्ष्याची जात निश्चित करण्यासाठी पुष्कळदा त्यास मारूनच हाती घ्यावे लागे. आज एका चांगल्या छायाचित्राने ते काम होते व पक्षी जिवंत राहतो. एखाद्या तळ्यात भराव पडू लागला, तर ‘येथे हे पक्षी येतात’ असा पुरावाही छायाचित्रच देते. हा उपकार लहान नव्हे. परंतु साधन सौम्य झाले म्हणून साधकाची वृत्तीही आपोआप सौम्य होते, असे मात्र नाही. याची साक्ष मला माझ्याच वर्तनातून मिळाली.

काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या मुलास घेऊन धारजवळच्या एका तळ्यावर गेलो होतो. पाण्यावर वारकरी पक्ष्यांचा मोठा थवा निवांत तरंगत होता. अंग काळे आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. आपल्या लोकांनी त्यास ‘वारकरी’ म्हटले, ते पाहताच पटते. हा पक्षी एकदम उडू शकत नाही; पाण्यावर पाय आपटीत बराच धावतो आणि मग वर उठतो. ते दृश्य चित्रात सुरेख दिसते. मुलगा कॅमेरा डोळ्याशी धरून बसला होता. थवा काही हलेना. अखेर मीच एक खडा उचलून पाण्यात टाकला. थवा उधळला, चित्र उत्तम आले, घरी सर्वांनी वाखाणले. पुढल्या खेपेस मुलाने मला न विचारताच खडा उचलला. त्याने दुसरे काय करावे? मीच ते त्यास शिकविले होते.

त्या दिवशी एकही पक्षी मेला नाही. मग अपराध तो कोणता? विचार करता दिसते ते असे. थंडीतील पक्ष्याचे जीवन हा काटेकोर हिशेबाचा संसार आहे. दिवसभर खावे, विसावा घ्यावा, अंगी मेद साठवावा आणि वसंतात परतीच्या वाटेस लागावे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला कादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो व जातो. त्या प्रवासात तो सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद आहे. अशा पथिकास आपण एका चित्रासाठी अकारण उडविले, तर त्याच्या शिदोरीतील एक घास आपण काढून घेतला. दिवसातून दहा जणांनी दहा वेळा उडविले, म्हणजे किती घास गेले? आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे धरलेले नाही. हाकणे, आमिष दाखविणे, पक्ष्यांच्या घरट्यांस व अंड्यांस उपद्रव देणे हेही त्यात धरले आहे. कायदा करणारांस जे दिसले, ते धर्म मानणारांस दिसू नये काय?

योगशास्त्राने यमांत अहिंसेबरोबरच अस्तेय आणि अपरिग्रह यांनाही स्थान दिले आहे. छायाचित्रकार बहुधा अहिंसेच्या ठायी चुकत नाही, तो या दुसऱ्या दोहोंच्या ठायी चुकतो. क्रौंचाच्या जोडीवर बाण सोडणाऱ्या निषादास निदान पोटाची भूक असेल. आपल्यास भूक असते ती ‘माझ्याजवळ असावे’ याची. ती चित्राने शमत नाही, वाढते. कालचे चित्र दुरून घेतलेले, म्हणून आज आणखी जवळ जावेसे वाटते. बसलेला पक्षी मिळाला, म्हणून उडणारा हवा होतो.

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा यांच्या दर्शनास आपण जातो. तेथे जाऊन आपण काय आणतो? समोर उभे राहतो, डोळे भरून पाहतो, मागच्या माणसासाठी बाजूस सरतो आणि रिते हात जोडून उतरतो. तरीही ‘दर्शन उत्तम झाले’ असे समाधानाने सांगतो. देवी आपल्याकडे वळावी म्हणून कोणी तेथे टाळी वाजवीत नाही. पाहण्यात घेणे नसले तरी पाहणे पूर्ण होते, हे आपल्या परंपरेस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तळ्याकाठी गेल्यावर तेवढेच आठवावयाचे.

म्हणून कॅमेरा टाकून द्यावा असे नव्हे. पक्ष्याने मान वर करून आपल्याकडे पाहिले, चरणे थांबविले, की आपण फार जवळ आलो असे समजून दोन पावले मागे घ्यावीत. खडा, टाळी, ध्वनिमुद्रित साद आणि आमिष वर्ज्य मानावे. घरट्याजवळ तर जाऊच नये. आणि कधी काहीच न मिळाले, तर ती सकाळ वाया गेली असे समजू नये. हाती असलेले साधन निर्दोष आहे की नाही, याची परीक्षा चित्र मिळाले त्या दिवशी होत नाही. ते न घेता आपण प्रसन्न मनाने परत फिरू शकलो, त्या दिवशी होते.

गेल्या माघात त्याच मुलासह पुन्हा तळ्यावर गेलो. थवा दूर होता, धुके दाट होते, चित्र येण्यासारखे नव्हते. खडे पायाशी पुष्कळ पडले होते. आम्ही दोघे तासभर बसलो आणि तसेच उठलो. वारकरी आपल्या जागी तरंगतच होते.